गॅलेक्सी ए५२ आत्ता बदलावा, बॅटरी टाकून रेटावा, की दिवाळीपर्यंत थांबावं?

गोदाकाठ (प्रश्न, फेब्रुवारी २०२६)

सॅमसंग गॅलेक्सी ए५२, ४जी, ६ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज. जून २०२१ची खरेदी. अँड्रॉइड १४वर येऊन थांबलाय. गेल्या उन्हाळ्यानंतर सुरक्षा पॅच आलेला नाही.

तक्रारी अशा. सकाळी सातला १०० टक्के, दुपारी तीनला २५. कॅमेरा किंवा नकाशा चालू असला तर १८-२० टक्क्यांवर अचानक बंद पडतो. चार्जर लावला की लगेच चालू होऊन १५ टक्के दाखवतो. स्टोरेज ११९ जीबी भरलंय. यूपीआय ॲप उघडेपर्यंत दुकानात मागे रांग लागते. पडदा धड आहे, फोन पाण्यात पडलेला नाही.

वापर: बांधकामाच्या साइटचे दिवसाला ४०-५० फोटो, व्हॉट्सॲप, दोन बँकांची ॲपं, नकाशा. गेम अजिबात नाही. मेमरी कार्डाची सोय हवी. बजेट २८ ते ३० हजार.

पर्याय तीन दिसतात. आत्ता घ्यावा, मार्चमध्ये सॅमसंगची नवी ए मालिका येते तोवर थांबावं, नाहीतर बॅटरी बदलून दिवाळीच्या सेलची वाट बघावी. जुना फोन एक्स्चेंजमध्ये द्यायचा की नाही हेही ठरत नाहीये.

---

रेझिस्टर

तीन वेगळे आजार एकत्र सांगितलेत. अचानक बंद पडणं बॅटरीमुळे, रेंगाळणं भरलेल्या स्टोरेजमुळे. या दोन्हींसाठी फोन बदलावा लागत नाही. पॅच बंद होणं मात्र दुरुस्त होत नाही, त्यावर दुसरं कोणी लिहीलच.

आधी बंद पडण्याचं. बॅटरीतला सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतून होणारा अडथळा, वाढतो. कॅमेरा, मोडेम (नेटवर्कशी जोडणारा भाग) आणि पडदा यांनी एकदम प्रवाह ओढला की व्होल्टेज क्षणभर इतकं खाली जातं की फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. सेलमध्ये चार्ज शिल्लक असतो, पण तो हवा त्या वेगाने बाहेर येत नाही. म्हणूनच चार्जर लावल्यावर परत १५ टक्के दिसतात. हे सॉफ्टवेअरने जात नाही, फॅक्टरी रीसेट करूनही जात नाही.

खात्री करायची असेल तर सॅमसंग मेंबर्स ॲपमधल्या फोन डायग्नॉस्टिक्समध्ये बॅटरीची तपासणी करा. तिथे 'चांगली', 'ठीक' असा ढोबळ शेराच मिळतो. नेमका आकडा हवा असेल तर यूएसबी मीटर (केबलमधून किती वीज गेली ते मोजणारं यंत्र) घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. फोन विमान मोडवर टाका, पडदा बंद ठेवा, १० ते १०० टक्के चार्ज करा आणि मीटरवर वॅट-तास वाचा. मिलीअँपिअर-तास वाचू नका. जलद चार्जिंगमध्ये चार्जर ५ऐवजी ९ व्होल्ट देतो, त्यामुळे तो आकडा फसवतो.

हिशेब असा: ए५२ची बॅटरी ४५०० मिलीअँपिअर-तासांची, म्हणजे साधारण १७.४ वॅट-तास. चार्जर ते सेल या वाटेत १२ ते १८ टक्के उष्णतेत जातात. म्हणजे नव्या सेलला शून्यापासून शंभरपर्यंत मीटरवर २०च्या आसपास दिसायला हवेत, दहापासून शंभरपर्यंत १८. तुमच्याकडे १३.५ आले तर क्षमता ७५ टक्के उरली. ८०च्या खाली गेली की बदलायची.

बॅटरीचा क्रमांक ईबी-बीजी७८१एबीवाय. हीच बॅटरी एस२० एफई आणि ए५२एसलाही लागते, त्यामुळे ती मिळायला अडचण येत नाही. बदलताना पडदा काढावा लागत नाही, फोन मागून उघडतो. मागचं झाकण प्लास्टिकचं आणि डिंकाने चिकटवलेलं असतं. ते गरम करून सोडवतात, मग खालची कव्हरं आणि कनेक्टर काढून, गोंदाने घट्ट बसलेली बॅटरी स्पिरिट सोडून हळूहळू उचलतात. घाईत पट्टीने उचकटली तर सेल वाकतो, आणि वाकलेला सेल पेट घेऊ शकतो. दुकानदार बॅटरी कशाने काढतो हे समोर उभं राहून बघा.

आणखी दोन गोष्टी. या फोनला आयपी६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षण) आहे, पण एकदा उघडल्यावर नवी डिंकपट्टी लावून दाबून बसवला नाही तर ते संरक्षण गेलं असं धरा. आणि बॅटरीवरची उत्पादनाची तारीख बघा. २०२१ची बॅटरी चार वर्षं कपाटात पडून राहिली असेल तर अस्सल असूनही तिची क्षमता उतरलेली असते. अधिकृत सेवा केंद्रात मजुरी धरून बहुतेक मध्यम फोनांचं काम दोन-तीन हजारांच्या आत होतं. काम सुरू करायच्या आधी अंदाजपत्रक लेखी मागा.

मागचं झाकण कडेने उचललेलं दिसत असेल, किंवा फोन टेबलावर सपाट बसत नसेल, तर यातलं काहीच करू नका. बॅटरी फुगलीय. चार्जिंग बंद करा आणि सरळ सेवा केंद्रात न्या.

आता रेंगाळण्याचं. १२८ पैकी ११९ भरले की स्टोरेजच्या फ्लॅश चिपला मोकळे ब्लॉक मिळत नाहीत. काहीही लिहायचं म्हटलं की कंट्रोलरला आधी जुना डेटा हलवून जागा करावी लागते, मगच नवं लिहिता येतं. यूपीआय ॲप उघडताना नेमकं हेच होतं, कारण ते उघडता उघडताच बरंच काही लिहीत असतं. २०-२५ जीबी रिकामे ठेवा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधल्या 'स्टोरेज आणि डेटा'त जाऊन 'मॅनेज स्टोरेज' उघडा, ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स आधी काढा. गॅलरीचा कचराडबाही रिकामा करा, हटवलेले फोटो तिथे ३० दिवस जागा अडवून बसतात.

त्यानंतर फोन बंद करून केबलने संगणकाला जोडा (या मॉडेलवर केबल जोडल्याशिवाय रिकव्हरी, म्हणजे दुरुस्तीचा मेनू, उघडत नाही), आवाज वाढवायचं आणि पॉवरचं बटण एकत्र दाबून धरा. रिकव्हरीत 'वाइप कॅश पार्टिशन' आणि मग 'रिपेअर ॲप्स' चालवा. डेटा जात नाही. फक्त शेजारच्या 'वाइप डेटा'वर बोट पडू देऊ नका. सेटिंगमधल्या मेमरीच्या पानावर रॅम प्लस दिसेल, तेही बंद करून बघा. भरलेल्या स्टोरेजचाच एक तुकडा रॅम म्हणून वापरला की फोन आणखी अडखळतो.

---

कळफलक

पॅचबद्दल. सुरक्षा अद्यतनं बंद झाली म्हणजे फोन दुसऱ्या दिवशी हॅक होतो असं नाही. क्रोम, वेबव्ह्यू (ॲपांच्या आत वेबपानं दाखवणारा भाग) आणि गूगल प्लेमार्फत येणारे प्रणालीचे काही भाग प्ले स्टोअरवरून अद्ययावत होतच राहतात. लिंकवर टिचकी मारून होणाऱ्या बऱ्याचशा हल्ल्यांना त्याने अटकाव होतो. उघडे राहतात ते कर्नल (प्रणालीचा गाभा), ग्राफिक्स आणि मोडेमचे ड्रायव्हर, वायफाय-ब्लूटूथचा खालचा थर. तिथली भोकं फक्त कंपनीच बुजवू शकते.

बँकांच्या ॲपांसाठी एक वेगळी मुदत आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. ॲप आपला फोन 'धड' आहे का हे गूगलच्या प्ले इंटेग्रिटी सेवेला विचारतं. मे २०२५पासून अँड्रॉइड १३ आणि त्यापुढच्या फोनांना यातली सर्वांत कडक पातळी गाठायची तर गेल्या १२ महिन्यांतला सुरक्षा पॅच लागतो. ए५२ अँड्रॉइड १४वर आहे, त्यामुळे हा नियम त्याला लागू. तुमचा शेवटचा पॅच गेल्या उन्हाळ्यातला असेल तर ती पातळी या उन्हाळ्यात हातची जाईल.

याचा अर्थ ॲपं बंद पडतील असा नाही. कोणती पातळी मागायची हे प्रत्येक बँक ठरवते, आणि खालच्या पातळ्यांवर समाधान मानणारी ॲपं भरपूर आहेत. पण एखाद्या अद्यतनानंतर तुमच्या बँकेने कडक पातळी मागितली तर तुमच्या हातात काही उरत नाही. सेटिंग, 'फोनविषयी', 'सॉफ्टवेअर माहिती' इथे सुरक्षा पॅचची तारीख आहे. ती लिहून ठेवा, त्यात १२ महिने मिळवा. दोन बँकांची ॲपं चालवणाऱ्यासाठी फोन बदलायची खरी तारीख ती, दिवाळी नव्हे.

नवा घेतानाही हेच उलट बाजूने बघा. अद्यतनांची वर्षं मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही विकत घेतलं त्या दिवसापासून नाही. ए३५ आणि ए५५ मार्च २०२४चे, सुरक्षा पाच वर्षं, म्हणजे २०२९. ए२६, ए३६, ए५६ मार्च २०२५चे, सहा वर्षं, म्हणजे २०३१. पिक्सेल ८पासून पुढच्यांना आणि सॅमसंगच्या एस२४पासून पुढच्या एस मालिकेला सात वर्षं. नथिंग फोन ३एला अँड्रॉइडच्या तीन आवृत्त्या आणि सुरक्षेची सहा वर्षं. खोक्यावर हे छापलेलं नसतं, कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलनिहाय बघावं लागतं.

---

हिशेबवही

दिवाळीपर्यंत थांबण्याच्या विरोधात माझं मत आहे. एरवी मी उलट सल्ला दिला असता.

'थांबलं की स्वस्त होतं' हा ठोकताळा मेमरी स्वस्त होत जाते या गृहीतावर उभा होता. २०२५च्या उत्तरार्धापासून ते गृहीतच कोसळलंय. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांनी आपली क्षमता एआय सर्व्हरच्या मेमरीकडे वळवली, कारण नफा तिथे जास्त. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉनने क्रुशिअल हा सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. फोनची मेमरी त्याच कारखान्यांतून येते. २०-३० हजारांच्या फोनमध्ये रॅम आणि स्टोरेज हा खर्चाचा मोठा वाटा असतो, त्यामुळे झळ सगळ्यात आधी याच गटाला लागते. कंपन्यांपुढे दोनच वाटा: किंमत वाढवणं, नाहीतर त्याच किमतीत ८ऐवजी ६ जीबी रॅम देणं. दुसरी वाट जास्त धोक्याची, कारण जाहिरातीत ती दिसत नाही. दिवाळी यंदा ८ नोव्हेंबरला आहे, नऊ महिने लांब. तेव्हा सेल लागेलच, पण सेलमधली सूट कोणत्या किमतीवर मिळेल हे आज कोणी सांगू शकत नाही.

जीएसटीची आशाही ठेवू नका. सप्टेंबर २०२५च्या दरकपातीत मोठे टीव्ही, एसी २८वरून १८ टक्क्यांवर आले. मोबाइल आधीपासूनच १८वर होते, तिथेच राहिले.

मार्चची गोष्ट मात्र वेगळी. ए५२पासून ए५६पर्यंत पाचही वर्षं ही मालिका मार्चमध्येच आली. नवं आलं की जुन्याचा साठा संपवायला दुकानदार सूट देतात, आणि यंदा गुढीपाडवाही १९ मार्चला आहे. जुन्या दराच्या मेमरीवर बनलेला साठा दुकानात असेल तोवरच ही सूट. म्हणून नवं मॉडेल घ्यायला थांबू नका. नवं येईल त्या आठवड्यात गेल्या वर्षीचं उचलायला थांबा. चार-पाच आठवड्यांचा प्रश्न आहे.

गेल्या वर्षीचं म्हणजे २०२५चं, २०२४चं नव्हे. समजा दुकानात ए३५ २२ हजारांना आणि ए३६ २९ हजारांना मिळतोय. मार्च २०२६पासून ए३५ची सुरक्षा तीन वर्षं उरली, ए३६ची पाच. वर्षाला पहिला ७,३३३ रुपयांना पडतो, दुसरा ५,८०० रुपयांना. दिसायला स्वस्त तो महाग निघाला. आकडे तुमच्या दुकानातले घाला, रीत हीच.

मेमरी कार्डावर अडून बसाल तर ए३६ आणि ए५६ दोन्ही बाद. सॅमसंगने त्यांतून कार्डाची खाच काढलीय. ए२६मध्ये आहे, पण हायब्रीड, म्हणजे दुसरं सिम किंवा कार्ड (तुमच्या ए५२मध्येही तसंच आहे). ए२६ बाजारात आला तेव्हा २४,९९९चा होता, ए३६ ३२,९९९चा. ए२६मध्ये ए५४ आणि ए३५मधलीच एक्झिनॉस १३८० चिप आहे. तुमच्या वापराला ती पुरून उरते. बोटाचा ठसा बाजूच्या बटणावर आणि पडद्यावर पुढच्या कॅमेऱ्यासाठी जुन्या धाटणीची खाच, एवढं चालत असेल तर वर्षाच्या हिशेबात हाच सगळ्यात स्वस्त पडेल.

पण कार्ड खरंच लागतं का? ५० फोटो, प्रत्येकी ५ एमबी, म्हणजे दिवसाला २५० एमबी. महिन्याचे २६ दिवस धरले तर साडेसहा जीबी, वर्षाला ७८. २५६ जीबीच्या फोनमध्ये दोन वर्षांचं काम मावतं. कार्ड म्हणजे बॅकअप नव्हे, ते मेलं की साइटचे फोटो गेले. यूएसबी-सी पेनड्राइव्हवर दर शनिवारी उतरवून फोनमधून काढून टाकणं जास्त भरवशाचं.

विनाव्याज हप्त्यांबद्दल. बँक व्याज घेतेच. विक्रेता तेवढी रक्कम किमतीतून वजा करून देतो म्हणून ते 'विनाव्याज'. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याकडून जातो. ३०,००० रुपये, सहा हप्ते, १६ टक्के दर धरला तर व्याज साधारण १,३५४ आणि त्यावर जीएसटी २४४. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर जीएसटीसह २३५. एकूण ४८० रुपयांच्या घरात. रक्कम मोठी नाही, पण एकरकमी भरल्यावर मिळणारी कार्डावरची सूट हप्त्यांवरही तेवढीच आहे का ते बघा. खरा फरक बहुधा तिथेच पडतो.

---

टॉवरखाली

५जीचा विषय कोणी काढला नाही, म्हणून थोडक्यात. तुमचा फोन ४जी आहे, म्हणजे तुम्हाला रोजच्या कोट्यातूनच डेटा मिळतो. जिओ आणि एअरटेल अमर्याद ५जी देतात ते दिवसाला २ जीबी किंवा त्यावरच्या प्लॅनवर. त्याहून लहान रिचार्ज करत असाल तर ५जी फोन आला म्हणून डेटा वाढत नाही.

फोन घेताना बँड, म्हणजे तो कोणत्या लहरी पकडतो ते, बघा. जिओचं ५जी स्वतंत्र जाळ्यावर चालतं, ते एन२८ आणि एन७८वर. इमारतीच्या आत, तळघरात, अर्धवट स्लॅबखाली पोचतो तो एन२८, कारण तो ७०० मेगाहर्ट्झचा. साइटवर काम असेल तर एन२८ नसलेला फोन घेऊ नका, आणि परदेशातून आणलेला तर नकोच. बीएसएनएलचं दुसरं सिम असेल तर ४जीचा बँड २८ही यादीत शोधा.

आणि दुपारी तीनला बॅटरी संपण्यात सिग्नलचाही हात असू शकतो. रेंज कमी असली की मोडेम जास्त शक्तीने प्रक्षेपण करत राहतं. बॅटरीच्या तपशिलात 'मोबाइल नेटवर्क' वरच्या दोन-तीनांत दिसत असेल तर नव्या बॅटरीनेही पूर्ण फरक पडणार नाही.

---

गोदाकाठ

सांगितल्याप्रमाणे तपासलं. दहा ते शंभर चार्जला मीटरवर १२.९ वॅट-तास. बॅटरी फुगलेली नाही. व्हॉट्सॲप आणि कचराडबा साफ केल्यावर ३१ जीबी मोकळे झाले, कॅश पुसून 'रिपेअर ॲप्स' चालवलं, रॅम प्लस बंद केलं. यूपीआय ॲप आता बऱ्यापैकी चटकन उघडतं. बॅटरीच्या यादीत पडदा पहिला, कॅमेरा दुसरा, नेटवर्क पाचवं.

पॅचच्या तारखेचा हिशेब केला तर १२ महिने या उन्हाळ्यातच भरतात. मग आता बॅटरीवर पैसे घालावे का? आणि ए५२ एक्स्चेंजमध्ये देऊ, की घरी आईला देऊ? ती फक्त व्हॉट्सॲप आणि फोन वापरते, बँकेचं काही नाही.

---

रेझिस्टर

१२.९ भागिले १८, म्हणजे ७२ टक्के. बॅटरी गेलीय.

फोन आईंना देणार असाल तर बॅटरी टाका, आणि आत्ताच टाका. मार्चपर्यंत तुम्हालाही उपयोग होईल. एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर टाकू नका, त्याचा एक रुपयाही जास्त मिळत नाही. तोवर दुपारी अर्धा तास चार्ज करा आणि ३० टक्क्यांखाली कॅमेरा उघडू नका. बरोबर मिळालेला चार्जर १५ वॉटचा आहे, फोन २५ घेतो. पीपीएस (फोनच्या मागणीप्रमाणे व्होल्टेज बदलण्याची सोय) असलेला २५ वॉटचा चार्जर घेतलात तर तो नव्या फोनलाही चालेल. नव्या सॅमसंगच्या खोक्यात चार्जर नसतोच.

नवी बॅटरी टाकल्यावर बॅटरी संरक्षणाची सेटिंग चालू करा, म्हणजे चार्ज ८०-८५ टक्क्यांवर थांबेल. आईंच्या वापराला तेवढा पुरेल आणि सेल जास्त टिकेल. सेल पूर्ण भरलेला आणि गरम, या जोडीने सगळ्यात लवकर झिजतो. फोन गाडीच्या काचेखाली नकाशावर लावून चार्ज करण्याची सवय असेल तर नवी बॅटरीही अशीच जाईल.

---

हिशेबवही

एक्स्चेंजबद्दल: पाच वर्षांच्या ४जी फोनला मूळ भाव नगण्य मिळतो. जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यात बराचसा 'एक्स्चेंज बोनस' असतो, आणि तो ठरावीक मॉडेल घेतलं तरच मिळतो. ए५२शिवाय ए३६ची किंमत किती आणि ए५२ देऊन किती, एवढा फरक काढा. तो बॅटरीच्या खर्चाच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर आईंना द्या. त्यांच्यासाठी वेगळा फोन घ्यावा लागला तर सात-आठ हजार जातात, आणि त्या किमतीचा नवा फोन साफ केलेल्या ए५२पेक्षा हळूच चालेल.

उन्हाळ्याची मुदत धरली तर दिवाळी आपोआप बाद. मार्चमध्ये नवी मालिका आल्यावर आठवडाभर ए२६ आणि ए३६चे भाव दोन ऑनलाइन दुकानांत आणि नाशिकच्या एका दुकानात बघा. ए३६ २५६ जीबी तीसच्या आत आला तर तो, नाहीतर ए२६. भाव उतरले नाहीत तर मार्चअखेरीपुढे ताणू नका.

दोन वर्षं वापरलेला सॅमसंग एस२३ कमी भावात मिळतोय असं कोणी सुचवेल. फोन उत्तम आहे, पण तो फेब्रुवारी २०२३चा, सुरक्षा पाच वर्षं, म्हणजे २०२८. वापरलेला घेणारच असाल तर *#०६# डायल करून आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा क्रमांक) बघा, तो बिलाशी आणि खोक्याशी जुळवा, आणि इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग एक जागा सोडून १५ आकडी आयएमईआय, असा एसएमएस १४४२२वर पाठवा. काळ्या यादीतला किंवा दुसऱ्या फोनचा उचलून चिकटवलेला क्रमांक असेल तर तिथे कळतं. संपूर्ण पांढरं चित्र उघडून पडद्यावर उभ्या रेघा किंवा जुन्या कीबोर्डची सावली दिसते का तेही बघा. पडदा बदलायची वेळ आली तर त्यात सगळी बचत जाते.

---

कळफलक

फोन बदलायच्या दिवसाबद्दल, कारण गोंधळ तिथेच होतो.

सॅमसंगच्या स्मार्ट स्विच ॲपने जुन्या फोनमधलं बहुतेक सगळं येतं, पण सिक्युअर फोल्डर (कुलूपबंद फोल्डर) आपोआप येत नाही. त्यातल्या फाइल्स आधी बाहेर काढा. व्हॉट्सॲपला स्मार्ट स्विचवर सोडू नका. जुन्या फोनवर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'चॅट्स', तिथे 'ट्रान्सफर चॅट्स', आणि नव्या फोनवर क्यूआर कोड. दोन्ही फोन जवळ आणि वायफाय चालू हवं. बँकेची ॲपं आणि यूपीआय नव्या फोनवर नव्याने नोंदवावी लागतात. ते सिम नव्या फोनमध्ये घातल्यावरच होतं, कारण पडताळणीचा एसएमएस त्याच सिमवरून जातो. त्या एसएमएसला लागेल एवढा बॅलन्स ठेवा. नोंदणीनंतर पहिले २४ तास यूपीआयची मर्यादा बरीच कमी असते, म्हणून मजुरांच्या पगाराच्या दिवशी फोन बदलू नका.

ए५२ आईंना देताना सेटिंगमधून आधी सॅमसंग खातं, मग गूगल खातं काढा, आणि मगच रीसेट करा. खाती तशीच ठेवून रिकव्हरीतून पुसला तर फोन चालू होताना तुमचाच जुना पासवर्ड मागत बसेल. आईंच्या फोनवर यूपीआय आणि बँकेची ॲपं नकोत, ओटीपी येणारं तुमचं सिमही नको. प्ले स्टोअरबाहेरची ॲपं टाकायची परवानगी ब्राउझर, फाइल्स आणि व्हॉट्सॲप या तिन्हींसाठी बंद आहे ना ते तपासा. लग्नपत्रिका किंवा चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) हा अशा फोनला मोठा धोका, आणि त्यासाठी पॅच जुना असण्याचीही गरज नसते.

---

गोदाकाठ

बॅटरीचं अंदाजपत्रक अधिकृत केंद्रातून लेखी मागवलंय. डिंकपट्टी नवी लावणार का आणि बॅटरीची उत्पादन तारीख काय, हे दोन्ही त्यात लिहून द्यायला सांगितलंय. ए२६ आणि ए३६चे आजचे भाव टिपून ठेवलेत, मार्चमधले भाव इथेच टाकतो.